शनीच्या माथी

दुर्बिणीचा सहा इंची आरसा मी स्वतः घासला. वडिलांनी भंगारवाल्याकडून जहाजाच्या खिडकीच्या दोन जाड काचा आणून दिल्या होत्या. एक काच पाण्याने भरलेल्या पिंपावर बसवायची, तिच्यावर कार्बोरंडमची खरखरीत पूड आणि पाणी टाकायचं आणि दुसरी काच रगडत पिंपाभोवती फिरायचं. वरची काच हळूहळू खोलगट होते. चार महिने रोज कॉलेजातून आल्यावर मी हेच केलं. बोटांची कातडी गेली. चाळीतल्या बायका विचारायच्या, "काय गं, पीठ पडतंय का?"

नळी पीव्हीसी पाइपाची. लोखंडी स्टँड वडिलांनी वेल्डिंग करून दिला. ते साकीनाक्याला पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर होते. शेजारच्या काकूंचा थोरला मुलगाही तिथेच पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापायचं मशीन, चालवायचा.

मे महिन्यातल्या एका शनिवारी, जेवणाआधी, चाळीमागच्या विहिरीजवळ मी दुर्बीण लावली आणि शनी सापडला. कड्यासकट, नखाएवढा, स्वच्छ. थोरला लुंगीवर उभा होता. "बघतोस?" म्हटलं.

वर गॅलरीतून काकू ओरडल्या, "मेल्या, तेच्या डोळ्याक डोळो लावू नको! साडेसाती चालू आसा तुझी. आणि आज शनिवार!" शनीच्या देवळातसुद्धा त्या मूर्तीसमोर कधी उभ्या राहत नसत, बाजूने हात जोडायच्या.

तो दोन पावलं मागे सरला. मी म्हटलं, "घाबरलास? बांगड्या देऊ माझ्या?"

मग त्याने डोळा लावला. "आयला, झकास! आये, ह्याने तर टोपी घातलीय."

सोमवारी दुपारी प्रेसमध्ये त्याची उजव्या हाताची तीन बोटं गेली.

पाचच्या सुमाराला मी मागच्या अंगणात विहिरीजवळ आरसा नळीतून काढून पुसत होते. त्याचा धाकटा भाऊ हॉस्पिटलातून थेट आला. शर्टाला रक्त. घरात जाऊन वरवंटा घेऊन बाहेर आला. मागून काकू छाती बडवत होत्या. "हिनेच दाखवल्यान! हिनेच डिवचल्यान तेका!"

"सर बाजूला," तो म्हणाला.

"अरे, मशीनमध्ये गेली ना बोटं? माझ्या काचेने काय केलंय?"

त्याने मला ढकललं. मी विहिरीच्या कठड्यावर आपटले. पहिल्या घावात आरशाचे तीन तुकडे झाले. मग तो तुकड्यांवर वरवंटा घालत राहिला, चटणी वाटतात तशी पूड होईपर्यंत. मी स्टँडचा सुटा लोखंडी पाइप उचलला आणि त्याच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसऱ्यांदा उचलला तो डोक्यासाठी. घाव चुकला असता असं आज म्हणायला सोपं आहे. मी नेम धरला होता.

वडिलांनी मागून माझे केस धरले, पाइप हिसकावला आणि सगळ्या चाळीसमोर माझ्या दोन थोबाडीत दिल्या. ते केव्हापासून जिन्यात उभे होते. आरसा फुटत होता तेव्हाही.

घरात गेल्यावर मी विचारलं, "तो फोडत होता तेव्हा का नाही आलात?"

त्यांनी हात धुतले. पुन्हा धुतले. "प्रेसच्या तोंडाला जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. मालक म्हणाला, जाळीमुळे काम हळू होतं. शुक्रवारी मी ती काढली."

"त्यांना सांगितलंत?"

"काकू शनीचं नाव घेतायत ना? घेऊ दे. शनीला कोण नोकरीवरून काढतोय?"

"आणि माझा आरसा?"

"दुसरी काच आणू."

चार महिने त्यांनी मला पिंपाभोवती फिरताना बघितलं होतं. त्यांना वाटत होतं, दुसरी काच आणली की झालं.

थोरल्याला चार दिवसांनी घरी सोडलं. त्या संध्याकाळी मी त्यांच्या दारात गेले. धाकट्याचा हात गळ्यात बांधलेला, थोरल्याचा पंजा बँडेजमध्ये. काकू वाटीतून त्याला पेज भरवत होत्या. मला बघून त्यांनी वाटीच फेकली. ती कपाळाला लागली, गरम पेज मानेवरून आत गेली. मी जागची हलले नाही.

"प्रेसची जाळी काढलेली होती," मी म्हटलं. "बाबांनी काढली. शुक्रवारी. मालकाने सांगितलं म्हणून."

"बापाशीवर घालतस, रांडे!" काकू किंचाळल्या.

थोरला भिंतीकडे बघत म्हणाला, "आये, खरं आहे ते. काढली तेव्हा पाना मीच धरला होता."

"मग चार दिवस बोलला का नाहीस?" धाकट्याने विचारलं.

"काय बोलू? शेजारी राहायचंय. आणि ती जाळी मलाही नकोच होती. बोटाला लागायची."

ते ऐकून काकू खाली बसल्या. धाकटा उठला. एक हात बांधलेला, दुसरा मोकळा. शेजारून आमच्या रेडिओचा आवाज येत होता. बाबा बातम्या ऐकत बसले होते. धाकट्याने जाताना कोपऱ्यातला वरवंटा उचलला, मग काय वाटलं कोण जाणे, खाली ठेवला आणि मूठ आवळली.

दारात मी होते. मला ओलांडल्याशिवाय त्याला बाबांपर्यंत जाता येणार नव्हतं.

मी बाजूला झाले.