आत्याबाईंच्या फाइलीतला तिसरा डोळा

लातूरच्या क्लासमध्ये मी अठरा वर्षं जीवशास्त्र शिकवते. डोळ्याची आकृती मला झोपेतही काढता येईल. म्हणूनच चष्म्याचा नंबर तपासायला गेले असताना डॉक्टरीणबाई माझा उजवा डोळाच पुन्हा पुन्हा तपासू लागल्या, तेव्हा मला लगेच शंका आली. आत, पडद्याखाली, एक काळसर डाग होता. नुसता तीळ असेल तर काहीच नाही. कर्करोगाची गाठ असेल तर डोळाच काय, जीवही जायचा. अर्धवट ज्ञान वाईट म्हणतात. मला तर पुरतं ज्ञानच भोवलं, कारण पुढचं सगळं मला पाठ होतं.

रंगीत फोटो झाला, सोनोग्राफी झाली, पडद्याचे थर दाखवणारं स्कॅनही झालं. डाग चपटा होता, त्याच्यावर पाणी साठलेलं नव्हतं. तरी बाईंना त्याचा रंग पटेना. "जुना फोटो असता तर वाढतोय का ते आत्ताच कळलं असतं," त्या म्हणाल्या. "नाहीतर तीन महिन्यांनी पुन्हा काढू." तीन महिने! मला दूध तापेपर्यंत धीर निघत नाही. माहूरची रेणुका आमची कुलदेवी, पण त्या आठवड्यात मी देवघरासमोर बसून तिच्याशी चक्क भांडले. माझ्याच वाट्याला का, म्हणून जाब विचारला. खरं सांगते, माझा विश्वास डळमळला होता.

रविवारी भोकरहून सासूबाईंचा फोन आला. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्यांचा आवाज ऐकला आणि मला रडूच फुटलं.

"रडून काय राहिलीस?" त्या म्हणाल्या. "फोटो पायजे ना? हाय की नांदेडला! मी त्या मिशनीला लई भेले, तवा तूच आधी सोताच्या डोळ्याचा फोटो काढून दाखिवलास न्हाई का?"

मी साफ विसरले होते. सात वर्षांपूर्वी साखर वाढली म्हणून त्यांना नांदेडच्या एका दवाखान्यात नेलं होतं. त्यांनी मशीनला डोळा लावायला अर्धा तास नकार दिला. माझा तास बुडत होता. "बघा, दुखत नाही," म्हणून मी चिडून स्वतःच पुढे बसले होते. कोणता डोळा लावला, तेही आठवेना.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात फोन केला. माझ्या नावाची फाइलच नव्हती. फोन ठेवणार, तेवढ्यात फोटो काढणारे भाऊ म्हणाले, "थांबा बाई, सासूबाईचं नाव सांगा." तासाभरानं त्यांचा हसत फोन आला. "बाई, तुमच्या सासूबाईला दोन उजवे डोळे हायत का हो?"

डॉक्टरीणबाईंनी नांदेडहून आलेला जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावले. आधी रक्तवाहिन्यांच्या फांद्या जुळवल्या. डोळा माझाच होता. मग डाग पाहिला. तीच जागा, तीच कडा, तेवढाच आकार. त्यांनी दोनदा मोजलं. "सात वर्षांत कणभरही वाढला नाही. तीळच आहे. वर्षातून एकदा फोटो काढत जा." त्या हसल्या आणि मी इतक्या मोठ्यानं रडले की बाहेरचे पेशंट डोकावून गेले.

कुणी याला योगायोग म्हणेल. मी विज्ञान शिकवते, वाद घालणार नाही. त्या अर्ध्या तासाच्या हट्टावर मी कितीतरी दिवस धुसफुसत होते, एवढं मात्र मला माहीत आहे. आपल्याला अडथळा वाटतं ते कुणी आपल्यासाठीच मांडून ठेवलेलं असू शकतं, हे मला तोवर कळलं नव्हतं. नांदेडच्या त्या भाऊंचं नावही आनंदाच्या भरात विचारायचं राहिलं. देव त्यांचं भलं करो.

पुढच्या मंगळवारी आत्याबाईंना घेऊन माहूरला गेले. तोंडात तांबुलाचा प्रसाद, डोळ्यांत पाणी. मूर्तीसमोर उभी राहिले आणि एकही शब्द सुचेना. आत्याबाईंनी कोपरानं ढोसलं.

"माग की पटकन काय मागायचं ते. मागं लोक खोळंबलेत."

"काय मागू, आत्याबाई? मागायच्या सात वर्षं आधीच देऊन बसलीय ती."