भर दुपारचं पाणी

कांदेवालीचं अर्धं आयुष्य बाजारात गेलं आणि जीभ तिखटच राहिली. बाजाराचं नवं रूप आखणारी इंजिनिअर पोरगी विचारत आली, "मावशी, इथं काय हवं?" शेजारच्यांनी छप्पर मागितलं, दिवे मागितले. कांदेवाली खेकसली, "संडास हवा! बाप्ये जातात भिंतीआड. आम्ही बायका सकाळपासून घसा कोरडा ठेवून बसतो, कुणाला पत्ता तरी आहे?"

पोरीनं ते मनावर घेतलं. बाजार नव्यानं उघडला, तेव्हा गाळ्यांमागेच बायकांचा संडास होता, आतून कडी लागणारा.

भर दुपारी कांदेवालीनं तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. तेवढ्यात पोरगी आली. "कसा वाटतो बाजार, मावशी?"

कांदेवालीनं तांब्या पुन्हा भरून तिच्यापुढे धरला. "पी गं बाई. आता इथं बिनघोर पिता येतं."