शकुंतलाबाईंचे छत्तीस हप्ते

बोरीवलीला बाभई नाक्याच्या आत शकुंतला घाडीगावकरचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. तिला सगळे शकु म्हणतात, मुलं शकुमावशी. दोन मशीनं, एक कटिंगचं टेबल, आणि दुसऱ्या मशीनवर एक्सर गावठाणातली बेटी नावाची बाई. दोघी गेली अठरा वर्षं एकमेकींशी भांडत शिवतायत.

वीस सालच्या मार्चमध्ये सहाशे गणवेश तयार होऊन कपाटात बसले होते आणि शाळांना कुलुपं लागली. जून गेला, एक गिऱ्हाईक नाही. बेटीने पगार मागितला नाही, त्याचाच शकुला जास्त त्रास झाला. तेवढ्यात बँकेतून फोन आला. छोट्या धंद्यांना सावरायला सरकारच्या हमीवर कर्ज मिळतंय, काही तारण नको, पहिलं वर्ष नुसतं व्याज भरा, मग तीन वर्षांत फेडा.

शकुचा नवरा दशरथ बस डेपोत कामाला. तो ऐकूनच भडकला. "अगो, कशाक व्हया ह्या लचांड? दुकानाचा आधीचा कर्ज काय कमी हा?"

"बेटीच्या घरी चूल माझ्या मशीनवर पेटते," शकु म्हणाली, आणि जाऊन सह्या करून आली. एक लाख साठ हजार. त्यातून बेटीचा पगार गेला, दुकानाचं भाडं गेलं, कापडवाल्याची थकबाकी गेली. पुढच्या वर्षी पाच हजार एकशे सात रुपयांचे हप्ते सुरू झाले तेव्हाही शाळा बंदच होत्या. दोघींनी मास्क शिवले, उशांचे अभ्रे शिवले, सोसायटीतल्या बायकांचे गाऊन शिवले. एकही हप्ता चुकला नाही.

बावीसच्या मार्चमध्ये शाळा पुऱ्या भरल्या. पण दोन वर्षांत मुलं हातभर वाढली होती आणि पालकांचे खिसे आटले होते. जुनाच स्कर्ट घेऊन एखादी आई दारात घुटमळली की शकु तिला आत बोलवायची, शिवण उसवून आतलं कापड सोडायची आणि वीस रुपये घ्यायची.

"नवा कधी खपवणार?" बेटी वैतागायची.

"पुढच्या जूनला. आत्ता तिला वाटेला लाव."

खरी वाट लागली त्या डिसेंबरात. एका ट्रस्टच्या शाळेने गरीब मुलांसाठी एकशे दहा जोड शिवून घेतले होते. महिन्याभरात पैसे देतो म्हणाले, पाच महिने झाले तरी पत्ता नाही. त्या महिन्यात खात्यात पैसे कमी पडले आणि हप्ता परत गेला. फोनवर मेसेज आला. शकुने तो तीनदा वाचला आणि दुपारचा डबा तसाच घरी नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या शाळेच्या ऑफिसबाहेर बाकावर जाऊन बसली. धोंडिराम नावाचा शिपाई म्हणाला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"असू दे. मी बसते."

तिने पिशवीतून शर्ट काढले आणि बटणं लावायला घेतली. मधल्या सुट्टीत एका मुलीने तिला ओळखलं. "शकुमावशी, माझा खिसा बघ ना, लोंबतोय." शकुने तो तिथेच शिवला. मग एकाचं बटण, एकीचा हूक, एकाची मागून उसवलेली पँट, तो बिचारा भिंतीला पाठ लावून उभा. बघता बघता जिन्यापर्यंत रांग लागली. गलबला ऐकून सेक्रेटरी बाहेर आले.

"बाई, हे काय चाललंय?"

"काही नाही, साहेब. पैशांची वाट बघतेय, तर हात कशाला रिकामा ठेवू? उद्या मशीनच घेऊन येते, हाताने वेळ लागतो."

मुलं हसली. धोंडिरामने तोंड फिरवलं. साहेब आत गेले. अडीच वाजता पुऱ्या रकमेचा चेक तिच्या हातात होता.

ती तशीच बँकेत गेली. तिथल्या श्रुतिका मॅडम तिच्या लेकीच्या वयाच्या. "काकू, एकदा झालं तर एवढं काय मनावर घेता?"

"तुला एकदा गं. मला पहिल्यांदा," शकु म्हणाली आणि चेक खात्यात भरला. जमा झाल्यावर दंडासकट हप्ता चुकता केला. मग पुन्हा कधी चुकला नाही.

चोवीसच्या ऑगस्टमध्ये छत्तिसावा हप्ता गेला. ह्या कर्जाचं काही येणं नाही, असं बँकेचं पत्र आलं. लचांड म्हणणाऱ्या दशरथने ते डेपोतल्या सगळ्यांना फोनवर दाखवलं. बेटीचा पगार दीड हजाराने वाढला. तिने तो घेतला आणि वर सुयांची नवी पाकिटंही मागितली.

गणपतीला शकु चार वर्षांनी गावी गेली. दुकानाच्या किल्ल्या बेटीकडे. दुसऱ्याच दिवशी कुडाळहून तिचा फोन आला.

"किती शर्ट झाले गं?"

"आरती चालू आहे ना तिकडे? ऐकू येतंय मला," बेटी म्हणाली. "फोन ठेव आणि टाळ्या वाजव."