वाळक्या काठ्यांखालचं रान

टाकव्याला आमच्या शेताच्या वर एक उघडा उतार आहे. म्हशीला गवत जोमानं यावं म्हणून आई दर उन्हाळ्यात तो जाळायची. मला तिथं झाडी हवी होती. दोनदा नर्सरीतली रोपं आणून लावली, दोन्ही वेळा ती उन्हानं करपली. शेवटी आई म्हणाली, "तीन पावसाळं देते. काय उगवलं न्हाई, तर परत काडी लावणार."

भातामागून आम्ही हरभरा करतो. पाखरांनी बसून अळ्या टिपाव्यात म्हणून बांधाला आडव्या दांड्याच्या काठ्या रोवतो. पुढं पाऊस पडला की त्या काठ्यांखाली भोकर, आसाणा, करवंद असं काहीबाही उगवतं आणि आई ते तण म्हणून उपटते. त्या वर्षी तिच्यामागं ते गोळा करताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बुलबुल, साळुंक्या डोंगरातली फळं खाऊन इथं बसतात, शिटतात, बी पडतं. म्हणजे माझी आई दर वर्षी जंगल उपटत होती!

मी निम्म्या काठ्या उतारावर नेऊन रोवल्या. बेगडेवाडीला कंपनीत जाणारी पोरगी सुट्टीत वाळकी लाकडं लावते, हे गावभर झालं. होऊ दे.

पहिल्या पावसाळ्यात नुसती घाणेरी आली. आई हसली, "तुझ्या पाखरांनी काटंच आणलं की गं." मला रडू आलं. मग टिकाव घेतला आणि सगळी घाणेरी मुळासकट खणून काढली. दुसऱ्या वर्षी ती पुन्हा फुटली, पण तिच्यातच भोकराची दोन रोपं सापडली. कुणाचा वणवा आत येऊ नये म्हणून होळीआधी उताराभोवतीचं गवत कापून पट्टा मोकळा केला. हाताला फोड आले, पण हटले नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात आई स्वतः वर आली. एकेका काठीखाली वाकून बघत फिरली. आसाण्याच्या रोपाकडं सवयीनं तिचा हात गेला. पण तिनं फक्त भोवतीचं गवत उपटलं आणि खाली निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर घमेलं घेऊन चढून आली. त्यात बांधावरची रोपं होती, मातीसकट उचललेली.

"आणि काडी?" मी विचारलं.

"खड्डं कर आधी," आई म्हणाली. "लय वर्सं उपटली मी."