काचेवरचा अंगठा

गोखिवऱ्याला रघूकाका पाटलांच्या दुकानात एक कायदा होता. गाडीच्या काचेवर काही चिकटवायचं असेल, तर चिकटवणार काका आणि दाबून धरणार गाडीचा मालक. दुकान म्हणजे एक शटर, एक बाकडं आणि भिंतभर लोंबणाऱ्या वायरी. मालकाला पुढच्या सीटवर बसवून, त्याचा अंगठा काचेला टेकवून काका बाकड्यावर जात आणि चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून निवांत पीत बसत. एका फौजदाराला गणवेशात, घामाने निथळत "काका, सोडू का?" असं विचारताना मी स्वतः पाहिलंय. काकांनी मानही वळवली नाही. "ऱ्हाऊ दे अजून. चोर कुठं पलून चाललेत?"

मी त्यांच्याकडे गेलो तो आमच्या आईच्या कृपेने. दसऱ्याला तिने गाडीची यथासांग पूजा केली, काचेवर आतून तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि झेंडूची माळ आरशामागच्या काळ्या डबीला गुंडाळली. ती डबी म्हणजे गाडीच्या अलार्मचा अँटेना, हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. चार दिवसांनी वाळलेली माळ तिने ओढली, तर डबीही आली. मी टेप लावून ती होती त्याच्या जरा बाजूला, म्हणजे तेलकट कुंकवावर, दाबून बसवली. दुपारच्या उन्हात ती टपकन खाली आली आणि येताना वायरही सोडून आली. शहाण्याला शब्दाचा मार असतो म्हणतात. मला तेवढ्यानेही कळलं नाही. मी तोच उद्योग तीनदा केला.

अँटेना नाही म्हणजे अलार्मला रिमोटचं ऐकू येईना. रिमोट काचेला अगदी टेकवला तर कधीतरी ऐकायचा. गाडी बोंबलत असायची आणि मी रिमोट काचांना लावत तिच्याभोवती फिरायचो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आईला विचारलं, "कसला नवस बोललाय हो तुमचा मुलगा?"

रघूकाकांनी आत डोकं घातलं आणि आधी ते स्वस्तिक पाहिलं. "हे कोनी काढला?"

"आईने."

"मंग आयला फोन लाव. इचारल्याबिगर मी पुसनार नाय."

फोन त्यांनीच घेतला. पलीकडून आईने कशाने पुसणार म्हणून विचारलं असावं, कारण काका म्हणाले, "स्पिरिटनं, आये." आईचा पुढचा प्रश्न मलाही ऐकू आला. "म्हणजे दारूच ना ती?"

"दारूच. पन पियाची नाय."

पाच मिनिटांच्या वाटाघाटींनंतर असं ठरलं की आधी स्वच्छ पाण्याने पुसायचं, मग काकांनी त्यांची दारू लावायची, आणि नवीन स्वस्तिक आई डिकीवर काढील. काकांनी काच दोनदा पुसली, उजेडात तिरकी मान करून पाहिली आणि तिसऱ्यांदा पुसली. "काच म्हंजे सासुरवाडी," ते म्हणाले. "सोच्छ होऊन जायाचं नि गुपचूप बसायचं." कोरडी टेप लावलेली डबी त्यांनी आरशामागे जागेवर ठेवली, माझा अंगठा त्यावर दाबला आणि सुटलेल्या वायरचा बारीक प्लग हातात घेतला.

तेव्हा मी पाहिलं. हात थरथरत होता. प्लग भोकाच्या डावीकडे जाई, मग उजवीकडे. मी पाहिलं हे काकांनीही पाहिलं.

"आता कलला लोकांचा अंगठा कशाला लागतो?" ते हळू आवाजात म्हणाले. "आमच्या महेशला बोलू नको. तो म्हनतो, बाबा, ज्या दिवशी तुमचा हात चुकेल त्या दिवशी मी शटर ओढीन. घरी बसलो तं मी आठ दिवसांत जाईन, भाऊ."

मी शपथ घेतली. आणि आमचं नशीब असं की तेवढ्यात महेशची मोटरसायकल दारात थांबली. महेश म्हणजे त्यांचा मुलगा, कामणला गोदामात सुपरवायझर. त्याने माझ्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. "बाबा, दादांना उतरू द्या ना. आज तुम्हीच धरा."

काकांचा चेहरा उतरला. मला खोटं बोलायची सवय नाही, म्हणजे चांगलं खोटं बोलायची नाही. मी म्हणालो, "नको नको! आमच्याकडे रीत आहे. काचेवरचं देवाचं पुसलं की पुढची वस्तू घरच्याच माणसाने धरायची."

"अँटेनासाठी रीत?"

"फार जुनी आहे," मी म्हणालो.

महेश हसला नाही. "बरं. मग बाबा, प्लग तरी लावा."

काकांनी प्लग उचलला. तो डावीकडे गेला, उजवीकडे गेला, काचेवर टकटक वाजला. शेवटी त्यांनी हात खाली घेतला. "हालतो," ते म्हणाले. "दोन वरसं हालतो. ओढ शटर."

महेश पुढे आला. "मला माहितीय, बाबा. घरी तुमची बशी वाजते ती आईला आणि मला काय ऐकू येत नाय? तुम्ही कधी बोलताय त्याचीच वाट बघत होतो." मग त्याने वडिलांच्या हातातून प्लग घेतला आणि लावला.

"उलटा लावलास, गाढवा!" काका ओरडले, आणि त्यांचा आवाज इतका खणखणीत निघाला की मी दचकून अंगठा सोडला. अँटेना जागचा हलला नाही. मला नाक्यापर्यंत पिटाळून काकांनी रिमोट दाबायला लावला. तिथून गाडी शहाण्यासारखी एकदाच वाजली.

त्यानंतर महेश दर सुट्टीला दुकानात येऊ लागला. एवढा शिकलेला हाताखालचा माणूस शिव्या घालायला मिळाल्यावर काका खुलले. "सुपरवायझर हाय," ते गिऱ्हाइकांना सांगत, "पन तांबडी वायर कंची ते इचारा!"

या उन्हाळ्यात काका गेले. आदल्या दुपारपर्यंत दुकानात होते. मला फार वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगावं हे कळेना, कारण ते माझे कोणी लागत नव्हते. बारावं झाल्यावर मी गोखिवऱ्याला गेलो. शटर अर्धं वर होतं आणि त्याची दांडी धरून महेश उभा होता.

"ओढीन ओढीन म्हणायचो ना मी," तो म्हणाला. "सकाळपासून ओढवत नाय. दादा, तुम्ही ओढा."

मलाही ते जमणार नव्हतं. आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो. थोड्या वेळाने एक रिक्षावाला आला आणि हेडलाइट लागत नाही म्हणाला. पाटीलकाका आहेत का, असंही त्याने विचारलं.

महेशने डोळे पुसले, उठून शटर पूर्ण वर सारलं आणि म्हणाला, "बसा. बघतो."