आत्याबाईंचा माणूस

ब्रह्मपुरीत माझा फोटो स्टुडिओ आहे. साखरपुडे, लग्नं, बारशी अशी माझी कामं पाचपंचवीस गावांत चालतात. त्यापलीकडे मी फारसा गेलो नव्हतो. पण सावलीच्या एका भाऊंच्या मुलाचं लग्न बंगळुरूला ठरलं. मुलगी तिकडचीच. भाऊ स्टुडिओत येऊन म्हणाले, "तिकडचे फोटोवाले आपल्या माणसाईले ओळखत नाईत. नवरीवाल्याईचेच फोटो काढत राहतीन. तू चाल आमच्यासंगं इमानात."

विमानात हातात फक्त सात किलो नेता येतात, हे तिकिटावर वाचलं आणि मी बॅग घेऊन राइस मिलच्या काट्यावर गेलो. चौदा किलो भरली. काट्यावरच्या माणसानं विचारलं, "कोणतं धान आहे, भाऊ?"

ट्रायपॉड आणि लाइट खालच्या सामानात टाकता आले असते. बॅटऱ्या तिथे चालत नाहीत, आणि कॅमेरे टाकायची माझी छाती होईना. काळीपिवळी जीपच्या टपावरून घरंगळलेल्या पेट्या मी पाहिलेल्या आहेत.

नागपूरच्या विमानतळाबाहेर मी बॅग उघडून फुटपाथवर बसलो होतो. शर्टाच्या खिशात काय मावेल याचा विचार चालला होता. तेवढ्यात भाऊंची मोठी बहीण शेजारी येऊन उभी राहिली. सगळं वऱ्हाड त्यांना आत्याबाईच म्हणायचं. त्या पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या. सामान म्हणजे एक कापडी पिशवी, तीत चिवडा आणि स्वेटर.

"काऊन असा बसून राह्यला रे?"

मी अडचण सांगितली.

"मंग टाक ना माह्या पिशवीत."

एक कॅमेरा आणि माझी लांब पांढरी लेन्स आत्याबाईंनी स्वेटरात गुंडाळून चिवड्यावर ठेवली. बाकीचं भाऊ आणि वहिनींनी वाटून घेतलं. काउंटरवर सगळ्यांचं वजन बसलं. मी खूश.

तपासणीच्या यंत्रात पिशवी गेली आणि पट्टा थांबला. जवानानं पिशवी बाजूला घेतली.

"ये किसका है?"

"माही आहे," आत्याबाई म्हणाल्या.

स्वेटर उलगडला. चिवड्याचे दाणे लागलेली लेन्स बाहेर आली.

"माताजी, ये आपका है? आप फोटोग्राफर हैं?"

मी पलीकडे पँटचा पट्टा हातात धरून उभा होतो. खरं सांगायला तोंड उघडलं, पण आत्याबाईंचं आधीच ठरलं होतं.

"हाव."

"किसका फोटो निकालते हो?"

"लग्नाचे काढतो. बाकी वाघ हाये ना आमच्या इकडे."

जवान एकदम पुढे वाकला. "बाघ? आपने देखा है?"

"धान निंदून राह्यलो होतो. वावराच्या धुऱ्यावर येऊन बसला. मी म्हटलं, जाय बाप्पा आता, आमाले काम हाये."

"फिर?"

"मंग का? गेला."

तो बिचारा कितीदा तरी जंगल सफारीला जाऊन आला होता. दर वेळी हरणं बघून परत. आत्याबाईंनी त्याची कीव केली. "पैसे देऊन कायले जाता? धानकापणीले माह्या घरी या." मागे रांग वाढत होती. कोणीतरी खाकरलं.

"फोटो दिखाइए ना माताजी, बाघ का."

"फोटो माह्या माणसाजवळ राहते." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ए, दाखव साहेबाले."

माझ्या कॅमेऱ्यात वाघ कुठून येणार? बटण दाबलं तर आदल्या आठवड्यातला एक नवरदेव निघाला. अंगभर हळद, आणि तोंड उघडलेलं, कारण त्याच क्षणी कोणीतरी त्याच्या पाठीवर थंड पाणी ओतलं होतं. जवानानं फोटो जवळून पाहिला, मग मला पाहिलं.

"यही है?" तो म्हणाला आणि खो खो हसत सुटला. "जाओ. और मैडम का सामान ठीक से पकड़ो."

आत्याबाईंनी ते शब्दशः घेतलं. पिशवी माझ्या गळ्यात अडकवली आणि सरकता जिना बघायला निघून गेल्या.

गेटवर पुन्हा एक मुलगी वजनकाटा घेऊन उभी! माझ्या अंगावर दोघांचंही सामान. भाऊ आणि वहिनी आत जाऊन बसले होते. विमानाची शेवटची हाक झाली आणि आत्याबाईंचा पत्ता नाही. मी धावत गेलो, तर त्या जिन्यानं वर जात होत्या, उतरून पुन्हा वर जात होत्या.

"आत्याबाई, इमान सुटून राह्यलं!"

"सुटते कसं? फोटोवाला इथी हाये."

त्या सावकाश आल्या, पिशवी काढून घेतली आणि त्या मुलीला समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "नवीन हाये पोट्टा. घाबरते." मुलीला मराठी येत असावं. ओठ दाबून तिनं आम्हाला सोडलं.

बंगळुरूला त्या माझ्या मालकीणच झाल्या. मी मांडवात गुडघ्यावर बसलो की मागून आवाज यायचा, "इकडून काढ. तिकडून माही गळ्यातली पोत दिसून नाई राह्यली." नवरीकडचे फोटोवाले त्यांना वाट करून द्यायचे. त्यातल्या एकानं मला इंग्रजीत विचारलं, मॅडमकडे किती दिवसांपासून आहेस? मी म्हटलं, हल्लीच लागलो.

पुढे अल्बम घेऊन सावलीला गेलो. भाऊ शांतपणे पानं उलटत होते. अंतरपाट, आत्याबाई. सप्तपदी, आत्याबाई. जेवणाच्या पंगतीत भाताचा घास घेणाऱ्या आत्याबाई. भाऊंनी चष्मा काढून पुसला.

"का बे," ते म्हणाले, "लगन कोणाचं होतं?"

आत्याबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी अल्बम आपल्याकडे ओढला आणि म्हणाल्या, "मस्त काढले. जवळ उभं राहून सांगा लागते त्याले, मंग काढते."