कार्बनअण्णांचं पाचट

आमच्या गावात काडी ओढायची चोरी होती. विडी असो, चूल असो, बांधावरचा काडीकचरा असो, कुठं धूर दिसला की कार्बनअण्णा तिथं उगवलेच. धुराकडं बोट करून ते ओरडत, "चाललं बघा वर!" आणि मग काडी ओढणाऱ्याची सुटका नसे.

अण्णा माझे चुलत चुलते. भूम तालुक्यातल्या आमच्याच गावच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. शाळेतली पोरं घंटा झाली की सुटत, गावाला ती सोय नव्हती. पारावर, एसटीच्या थांब्यावर, कुठंही त्यांचा पाठ सुरू होई. हवेतला कार्बन पीक खातं, पीक आपण नि जनावरं खातो, श्वास सोडला की तो परत हवेत जातो, आणि जे मातीत कुजतं ते काही काळ मातीत राहतं. एकदा शेजारच्या तात्यांच्या सरणापाशी उभं राहून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तात्या आता हवेत मिसळले. पुढल्या साली कुणाच्या तरी ज्वारीत येतील." तात्यांच्या सुनेनं पुढचं वर्षभर ज्वारीची भाकरी थापली नाही, गव्हावर भागवलं.

थट्टा त्यांना कळतच नसे. पारावर कुणी तंबाखू मळायला बसलं की ते चुन्याच्या डबीवर तुटून पडत. "झाकण लाव. उघडा चुना हवेतला कार्बन पितो नि दगड होतो." एकदा कुणी तरी म्हणालं, "मंग तंबाखूवाले हवाच साफ करत्यात की, अण्णा! आमचा सत्कार करा." सगळे हसले. अण्णा मात्र त्यावर खरोखर विचार करत बसले आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या घरी जाऊन त्याचं म्हणणं का चुकीचं आहे ते समजावून आले.

समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण समुद्राबद्दल ते घरच्या माणसासारखं बोलत. "समुद्र म्हंजी घरातली थोरली सून. सगळ्यांचा कार्बन पोटात घेती. पण घेऊन घेऊन तीबी आंबट व्हती." काकू आतून भांडी आपटत म्हणाल्या, "मंग या घरात समुद्र कोण, ते सांगा की पाव्हण्यांना."

एवढं बोलणाऱ्या या माणसाला गावाकडून एकच गोष्ट हवी होती. गावानं पाचट पेटवणं सोडावं. ऊस तुटून गेला की रानात वाळक्या पानांचा जाड थर पडतो, तेच पाचट. काडी लावली की रान झटक्यात मोकळं होतं, म्हणून सगळे लावत. अण्णा लावत नसत. ते पाचट सरीत दाबून कुजवत, आणि त्यांच्या रानाला लोक "अण्णांची गादी" म्हणत. यात सगळ्यांत पुढं त्यांचे धाकटे भाऊ बापू. दोघांच्या रानात फक्त एक बांध. "अण्णा, त्या गादीत साप झोपत्यात, तुमी न्हाय," असं म्हणून ते दरवर्षी बांधाच्या अलीकडं खुशाल काडी ओढत.

मागच्या उन्हाळ्याआधीच्या उन्हाळ्यात बापूंनी काडी ओढली आणि वारं फिरलं. जाळ बांध ओलांडून अण्णांच्या रानात शिरला. गाव कडुनिंबाचे डहाळे घेऊन धावलं, पण वरून वाळलेली गादी ती, भडकायला कितीसा वेळ लागणार! अण्णा बांधावर उभे राहिले आणि सगळ्यांदेखत रडले. बापू खाली मान घालून म्हणाले, "अण्णा, माझं चुकलं." अण्णांनी डोळे पुसले आणि तिथंही पाठ सोडला नाही. "जाऊ दे. जाणार कुठं? येईल फिरून. पण आता कुणाच्या रानात उतरंल, ते न्हाय सांगता येत."

या धांदलीत बापूंचं रस्त्याकडचं निम्मं रान पेटवायचं राहूनच गेलं.

आठवड्याच्या आत शहरातून कुठल्याशा कंपनीचे साहेब आले. जमिनीत कार्बन धरून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला ते आदर्श ठरवणार होते. त्यांनी गाडीतून उतरून रस्त्यालगतच बांधावर उभं राहून पाहिलं. एका बाजूला राख, दुसऱ्या बाजूला पाचट. राखेचे मालक अण्णा, पाचटाचे मालक बापू. साहेबांनी फोटो काढला आणि निकाल लावला. बापूंनी खुलासा केला असता तर बरं झालं असतं, पण फोटो काढताना बापूंना शब्द सुचत नाहीत.

मारुतीच्या देवळात सत्कार झाला. बापूंच्या गळ्यात झेंडूचा जाड हार. साहेब म्हणाले, "बापूसाहेब, हे तुम्ही कसं साधलं ते गावाला सांगा." बापूंना घाम फुटला. गावाला सगळं ठाऊक होतं आणि गाव मजा बघत बसलं होतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून अण्णांनी हळूच सांगायला सुरुवात केली. ज्यांनी शाळेत कॉपी करणारा एक पोरगा कधी सोडला नाही, ते अण्णा! ते एक वाक्य पुटपुटायचे, बापू ते माइकमध्ये म्हणायचे. हवा, पीक, जनावर, माती, आणि आंबट झालेला समुद्रसुद्धा. जे भाषण ऐकून गाव आयुष्यभर पळालं, ते गावानं त्या दिवशी मान डोलवत ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या. मला गावाचा इतका राग कधी आला नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात, अण्णांच्या शेवटच्या उन्हाळ्यात, गावात कुणी पाचट पेटवलं नाही. लोक सांगतात, बापूंनी पटवून दिलं.

सत्काराच्या संध्याकाळी मी अण्णांच्या घरी गेलो होतो. अण्णा खुशीत होते. "आज गावानं ऐकलं," ते म्हणाले.

काकू म्हणाल्या, "तुमचं न्हाय, बापूंचं ऐकलं."

"शब्द माझे व्हते."

"अन् हार कुणाच्या गळ्यात व्हता?"

अण्णा माझ्याकडं वळून म्हणाले, "बापूला सांग, हार वाळला म्हणून जाळू नको म्हणावं. मातीत पूर."